मुलांच्या हातीं यंत्र द्यावें काय ?

गेल्या वैशाखांत आमच्या आळींतील एक परिचित गृहस्थ सायंकाळीं आमच्या ओट्यावर येऊन बसले. त्यांचें कुटुंब मोठें. तीन भाऊ, त्यांचीं बायकामुलें आणि ऐंशी वर्षांच्या मातोश्री अशीं पंधरा-सोळा माणसें एका चुलीवर जेवतात, आणि मोठा खर्च काढावयाचा तर तो सामाईक वहींतून, सर्वांच्या संमतीनें निघतो. धाकट्या भावाची मुलगी चौथींत जाणार होती. तिच्यासाठीं अठरा हजार रुपयांचा टॅब घ्यावा असें तिच्या आईचें म्हणणें. मधल्या भावाचा मुलगा पांचवींत, तेव्हां एकीस घेतला कीं दुसऱ्यास घेणें आलेंच. आणि मातोश्रींचें मत असें कीं, डोळेहि जातील आणि अभ्यासहि जाईल. गृहस्थ म्हणाले, "गुरुजी, तुम्हीं अडतीस वर्षें मुलें शिकविलीं. एवढेंच सांगा, त्या यंत्रानें पोरांना जास्त येईल कीं नाहीं ?"

प्रश्न सरळ होता. उत्तर मात्र आम्हांस त्या सायंकाळीं देतां आलें नाहीं. "चार दिवसांनीं सांगतों," असें म्हणून आम्हीं त्यांस चहा दिला व विषय पावसापाण्यावर नेला. याचें कारण असें कीं, हाच प्रश्न आमच्या आयुष्यांत तीन वेळां आमच्यापुढें येऊन उभा राहिला होता, आणि त्यांपैकीं एकदां तरी आम्हीं त्याचें उत्तर अगदीं चुकीचें दिलें होतें.

परीक्षा कशाची व कशी करावयाची, हें प्रथम ठरविलें पाहिजे. संस्कृत शिकलेल्या वाचकांस मालविकाग्निमित्राचे पहिले दोन अंक आठवतील. गणदास आणि हरदत्त हे दोघे नाट्याचार्य आपापल्या श्रेष्ठत्वाबद्दल भांडत राजाकडे येतात आणि परिव्राजिका कौशिकी निवाड्यास बसते. ती त्या आचार्यांस नाचून दाखवा म्हणत नाहीं; त्यांच्या शिष्यांचें नृत्य पाहूं म्हणते. गुरूच्या अंगीं विद्या किती, यापेक्षां ती शिष्याच्या अंगीं किती उतरली, हें पाहण्याची ती रीत. (त्यामागें विदूषकाचें कारस्थान होतें हें खरें, पण म्हणून रीत खोटी ठरत नाहीं.) शाळेंतील यंत्रांचें आजवर उलट होत आलें आहे. विकणारा माणूस येतो, तो यंत्राचेंच नृत्य दाखवितो. सूर्याभोंवतीं ग्रह फिरतात, बेडूक चिरल्याविना आंतून दिसतो, आणि आपण माना डोलावतों. मुलाच्या अंगीं काय उतरलें, हें पाहण्यास कोणी थांबत नाहीं.

आम्ही १९८० सालीं सातारा जिल्ह्यांतील एका खेड्यांत प्राथमिक शिक्षक म्हणून रुजू झालों, तेव्हां शाळेची सर्व सामग्री म्हणजे दोन फळे, एक पृथ्वीचा गोल आणि एक घंटा. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर खडू-फळा योजना आली आणि तिनें नकाशे, तक्ते व गणित-विज्ञानाच्या पेट्या दिल्या. त्याच सुमारास आमच्याकडे दूरचित्रवाणीचा संच आला. उपग्रहाच्या द्वारें खेड्यांतील मुलांस धडे देण्याचा मोठा प्रयोग आपल्या देशांत त्यापूर्वींच होऊन गेला होता. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असें एक वर्ष, अमेरिकेकडून उसन्या मिळालेल्या उपग्रहावरून, सहा राज्यांतील २४०० खेड्यांत तो चालला, आणि त्याची व्यवस्था आपल्या महाराष्ट्राचे शास्त्रज्ञ एकनाथ चिटणीस यांनीं पाहिली. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. आपल्याकडे तें वारें पोंचलें तें १९८४ सालीं पुण्यास सुरू झालेल्या बालचित्रवाणीच्या रूपानें. ती संस्था २०१७ सालीं बंद झाली. तथापि ज्यांची बाळपणची शाळा त्या काळांतली, त्यांच्या कानांत तिचीं गाणीं अजून असतील.

त्या संचानें काय साधलें ? खोटें कशाला बोला, आमच्या मुलांनीं समुद्र प्रथम त्यांत पाहिला. भरती-ओहोटी हे शब्द आम्ही दरवर्षीं घोकून घेत असूं. त्या दिवशीं ते शब्द मुलांस कळले. परंतु कार्यक्रमाची वेळ पुण्याची, आमचें वेळापत्रक आमचें, आणि विजेचें तिसरेंच. आम्ही अपूर्णांक शिकवीत असतांना पडद्यावर फुलपाखरू उडे, आणि फुलपाखराचा धडा येई तेव्हां वीज नसे. दीड वर्षानें संच बिघडला. दुरुस्तीचा खर्च कोणत्या सदराखालीं टाकावा हें कोणास ठाऊक नसल्यामुळें तो तसाच कपाटांत गेला, आणि त्याच्या डोक्यावर हजेरीपत्रकांचे गठ्ठे बसले.

ही झाली पहिली वेळ. दुसरी वेळ आली ती २००४ सालीं. आम्ही तेव्हां दुसऱ्या एका शाळेवर मुख्याध्यापक होतों. एका योजनेखालीं तीन संगणक आले. आम्हीं पेट्या फोडून घेतल्या, "सुस्थितींत मिळाले" म्हणून पावतीवर सही केली आणि जडवस्तूंच्या नोंदवहींत त्यांस तीन क्रमांक दिले. त्या वर्षीं विजेच्या थकबाकीपायीं शाळेची जोडणी दोनदां तुटली होती. शाळेस स्वतःचें उत्पन्न नाहीं, आणि ग्रामपंचायत तिला सवड होईल तेव्हां पैसे भरी. तालुक्याच्या ठिकाणीं आमचें चार दिवसांचें प्रशिक्षण झालें. पांच यंत्रें आणि पंचवीस गुरुजी. आमच्या वाट्यास कळफलक आला तो चौथ्या दिवशीं दुपारीं, आणि मग चहाची सुट्टी झाली.

पण हीं सर्व कारणें दुय्यम होत. खरें कारण भीति. यंत्र मोडलें तर त्याची भरपाई आपल्या पगारांतून होईल, या एका विचारानें आम्हांस ग्रासलें होतें. आमच्या घरांतून जुन्या लुगड्यांच्या खोळी शिवून नेल्या, संगणकांवर घातल्या, खोलीस कुलूप लावलें आणि किल्ली जानव्यास बांधली नाहीं एवढेंच. दर शनिवारीं चौथींतला एक चुणचुणीत मुलगा त्या खोळींवरची धूळ झटकी. काम झालें कीं तो दारांत थांबून विचारी, "गुरुजी, आज चालू करायचा ?" आम्ही म्हणत असूं, "परीक्षा झाल्यावर." वार्षिक परीक्षा झाली, तो मुलगा पांचवीसाठीं शेजारच्या गांवच्या हायस्कुलांत गेला. साहेब तपासणीस येत तेव्हां एक संगणक उघडून त्यापुढें दोन मुलें बसविण्यांत येत व तीं पडद्यावर मासा काढीत. अहवालांत आम्हीं तीन वर्षें लिहिलें, "संगणक-शिक्षण सुरू आहे." तीन वर्षांत तीं यंत्रें दहा वेळां चालूं झालीं असतील तर शपथ.

हा अनुभव एकट्या आमचाच नव्हता, असें पुढें वाचनांत आलें. गुजरात सरकारनें २००० सालीं वडोदरा शहरांतील शंभर नगरपालिका-शाळांस प्रत्येकीं चार संगणक दिले होते. दोन वर्षांनीं पाहतां, प्राथमिकच्या मुलांचा हात लागलेले संगणक फारच थोडे निघाले. तेथेंहि आमच्यासारखे कुलूपवाले मुख्याध्यापक असले पाहिजेत. मात्र तेथें पुढें एक गोष्ट झाली. 'प्रथम' या संस्थेनें त्याच संगणकांवर चौथीच्या मुलांसाठीं गणिताचे खेळ बसविले. आठवड्यांतून दोन तास, एका यंत्रापुढें दोन मुलें, आणि जवळ लक्ष ठेवणारा एक शिकविलेला माणूस. कांहीं शाळांस हें दिलें, कांहींस त्या वर्षीं दिलें नाहीं, आणि कोणास द्यावयाचें हें चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें ठरविलें, म्हणजे निवडींत पक्षपात राहिला नाहीं. परीक्षण करणारांत अभिजित बॅनर्जी व एस्थर डफ्लो हे होते, ज्यांस पुढें २०१९ सालीं अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. (बॅनर्जींच्या मातोश्री मराठी, आमच्या घरांत ही वार्ता त्या दिवशीं पेढे वांटून साजरी झाली होती.) निष्कर्ष असा निघाला कीं, शंभर मुलांच्या रांगेंत जें मूल अगदीं मध्यावर उभें होतें, तें दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस गणितांत सुमारें अडुसष्टाव्या जागीं पोंचलें. प्राथमिक शाळेंत ही लहान गोष्ट नव्हे.

परंतु त्याच लेखांत आणखी दोन गोष्टी आहेत, ज्या यंत्र विकणारे सांगत नाहींत. पहिली : कार्यक्रम संपल्यावर वर्षानें पुन्हां पाहिलें, तेव्हां त्या वाढीचा बराचसा भाग ओसरलेला आढळला. दुसरी : मुंबई व वडोदरा येथें 'बालसखी' म्हणून वस्तींतल्याच शिकलेल्या तरुण मुली नेमून त्यांच्याकडून मागें पडलेल्या मुलांस रोज दोन तास वाचन व अंकगणित शिकविण्यांत आलें. त्यानेंहि मुलें सुधारलीं, आणि खर्चाच्या मानानें पाहतां ती बालसखी संगणकापेक्षां पुष्कळच स्वस्त पडली.

गुजरातमध्येंच याहून बारीक प्रश्न दुसऱ्या एका परीक्षणानें विचारला, जें २००८ सालीं पुढें आलें. कांहीं वर्गांत संगणकाचा तास शाळेच्या वेळांत, शिक्षकाचा वेळ तोडून ठेविला. कांहींत तो शाळा सुटल्यावर, जादा म्हणून ठेविला. यंत्र तेंच, धडे तेच. जेथें तो तास जादा होता तेथें मुलांस लाभ झाला, आणि विशेषतः मागें पडलेल्यांस झाला. जेथें शिक्षकाचा वेळ घेऊन तो दिला तेथें मुलें पूर्वींपेक्षां कमी शिकलीं. आम्हीं हें प्रथम वाचलें तेव्हां पुस्तक मिटून बराच वेळ बसलों होतों. सून पोळ्या लाटते म्हणून सासूनें वरणाकडे पाहणें सोडलें तर ताटांत काय येईल, हें आमच्या वाचक भगिनींस सांगावयास नको.

सर्वांत मोठी हौस केली ती दक्षिण अमेरिकेंतील पेरू देशानें. 'प्रत्येक मुलास एक संगणक' ही कल्पना त्या वेळीं जगभर गाजत होती. शंभर डॉलरांचा संगणक असें त्याचें नांव पडलें, किंमत मात्र दुपटीच्या घरांत गेली. आपल्याकडेहि २००७ सालीं रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यांतील एका लहानशा शाळेंत तो येऊन गेला. पेरूनें तीं यंत्रें लक्षावधि घेतलीं व डोंगरांतल्या गरीब खेड्यांकडे पाठविलीं. प्रत्येक यंत्रांत दोनशें पुस्तकें भरलेलीं होतीं. ज्या घरांत एक छापील पुस्तक नाहीं तेथें दोनशें! पुढें तेथील ३१९ शाळा तपासण्यांत आल्या. ज्यांस यंत्रें मिळालीं त्या शाळांत दर मुलामागें एकाहून अधिक संगणक होते, ज्यांस मिळालीं नाहींत तेथें आठ मुलांत एक. सव्वा वर्षानंतर गणित घेतलें, भाषा घेतली. दोन्ही गटांत फरक नाहीं. हजेरी वाढली नाहीं, घरच्या अभ्यासाचा वेळ वाढला नाहीं. मुलें तें यंत्र हाताळण्यांत तेवढीं पटाईत झालीं. दहा वर्षांनीं पुन्हां पाहिलें, तरी अभ्यासांतील प्रगतींत कांहीं भर दिसली नाहीं. यंत्र दारांत पोंचलें होतें. परंतु उद्यांच्या पाठांत त्याचें काय काम, हें शिक्षकांस कोणीं नीट सांगितलें नव्हतें आणि मुलांस तर नाहींच नाहीं.

येथवर वाचून आमचे जुन्या वळणाचे वाचक मनांतून सुखावले असतील. त्यांनीं थोडें थांबावें. दिल्लींतील एका प्रयोगाचा वृत्तांत २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. मुलें उच्च प्राथमिकचीं, गरीब वस्त्यांतलीं, सरकारी शाळांतलीं. त्यांच्या चांचण्या घेतल्या तेव्हां असें दिसलें कीं, सहावींतील सर्वसाधारण मूल गणितांत सुमारें अडीच इयत्ता मागें आहे. तें सहावीच्या वर्गांत बसतें, सहावीचें पुस्तक उघडतें, आणि त्याची खरी जागा असते तिसरी-चौथीच्या मध्यें कोठें तरी. शाळा सुटल्यावर हीं मुलें एका केंद्रांत येत. पाऊण तास संगणकावर व पाऊण तास बारा-पंधरा जणांच्या गटांत एका माणसापुढें. संगणकाचें काम हेंच कीं, प्रथम मूल कोठें उभें आहे तें शोधून काढावें आणि तेथून त्यास पुढें न्यावें. साडेचार महिन्यांत गणितांत व हिंदींत, दोहोंत, त्यांनीं चांगलीच मजल मारली. आणि सर्वांत मागें असणाऱ्या मुलांस, ज्यांचें शाळेंत जवळ जवळ कांहींच चालत नव्हतें, त्यांस त्यांच्या मानानें लाभ अधिक झाला.

हें वाचून आम्हांस मत्सर वाटला, हें कबूल करतों. बेचाळीस मुलांच्या वर्गांत बेचाळीस जागा असतात, हें प्रत्येक शिक्षकास ठाऊक असतें. आम्ही भागाकार शिकवीत असूं तेव्हां मागच्या पट्टीवरचीं सहा-सात मुलें अजून वजाबाकींत अडकलेलीं आहेत, हें आम्हांस दिसत असे, आणि आम्ही भागाकारच शिकवीत असूं. कारण पुस्तक पुढें सरकत होतें. अडतीस वर्षांत आम्हांस जें साधलें नाहीं, तें तें यंत्र न रागावतां करतें.

तिसरी वेळ आली ती घरांत. मार्च २०२० मध्यें शाळा बंद झाल्या. आम्ही दोन वर्षांपूर्वींच सेवानिवृत्त झालों होतों. आमचा नातू तेव्हां पहिलींत; आणि आमच्याकडे धुणेंभांडीं करण्यास येणाऱ्या बाईंची मुलगीहि त्याच शाळेंत, त्याच वर्गांत. जूनपासून दुसरीचे धडे मोबाईलवर येऊं लागले. नातवास त्याच्या मातापित्यांनीं टॅब घेऊन दिला, माडीवरची खोली दिली. तो नऊ ते अकरा दार लावून बसे, आणि घरांत सर्वांस वाटे, पोर शिकतें आहे.

ती मुलगी काय करीत होती, हें आम्हीं पांच महिने विचारलें नाहीं. दिवाळीच्या आदल्या आठवड्यांत ती आईबरोबर आली. ओट्यावर एक दिवाळी अंक पडला होता. ती त्याच्यावरचीं अक्षरें लावूं लागली आणि दुसऱ्याच शब्दाला अडली. फेब्रुवारींत हीच मुलगी शाळेच्या फळ्यावरचीं छोटीं वाक्यें घडाघड वाचीत होती; आम्हीं स्वतः ऐकलें होतें. तिनें आमच्याकडे पाहिलें आणि म्हणाली, "आधी येत होतं मला, आजोबा."

तिच्या आईस विचारलें. घरांत मोबाईल एकच, आणि तो नवऱ्याजवळ; तो मालाचा टेंपो चालवितो. बाई म्हणाल्या, "गुरुजी, तिचा अभ्यास मोबाईलात येतो, अन् मोबाईल जातो गाडीवर." रात्रीं नऊ वाजतां गाडी आली कीं पोर पेंगलेलें असे.

याच वेळीं पालघर जिल्ह्यांत जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर 'बोलकी शाळा' म्हणून एक उपक्रम निघाला होता. मोबाईल नाहीं, तारा नाहींत, तर धडे आवाजांत भरून भोंग्यावरून ऐकवावयाचे, आणि मुलांनीं दूर दूर बसून ऐकावयाचे. बातमी आम्ही वाचली होती, "वा !" असेंहि म्हटलें होतें. आपल्याच मोरीवर कपडे धुणाऱ्या बाईच्या मुलीकडे भोंगा नाहीं, हें आमच्या ध्यानांत आलें नव्हतें.

मग आम्हीं नातवाचीहि परीक्षा घेतली. आठ ओळींचें शुद्धलेखन घातलें. ओळी खालीं उतरत गेल्या, जोडाक्षरें निम्मीं चुकलीं. हातच्याची बेरीज करतांना तो पुनः पुन्हां भिंतीच्या कोपऱ्याकडे पाही. पुढें उमगलें कीं, टॅबच्या पडद्यावर त्या कोपऱ्यांत उत्तर उमटत असे. धड्यास हजेरी लावून तो दुसऱ्या खिडकींत मोटारी पळवीत असे, हें त्याच्या आईस कळलें त्या दिवशीं माडीवर बराच गलबला झाला. असो.

दिवाळीनंतर रोज पांच वाजतां ओट्यावर सतरंजी अंथरली. दोघांमध्यें टॅब. पहिला अर्धा तास त्याला हात लावावयाचा नाहीं. आमच्या वहिनी, वय वर्षें बहात्तर, दोघांकडून आळीपाळीनें मोठ्यानें वाचून घेत. वहिनींचें शिक्षण सातवीपर्यंत झालें, पण उच्चाराला त्या आमच्याहून कडक. नंतर अर्धा तास टॅबवर गणित. तो गणिताचा कार्यक्रम दोघांस निराळीं उदाहरणें देई. मुलीचीं तीन ओळीनें चुकलीं कीं तो मुकाट्यानें मागच्या पायरीवर येई. आमच्यापुढें चूक होईल म्हणून ती पेन्सिल चावीत बसे. त्या पडद्यापुढें ती बेधडक चुके, आणि चुकतां चुकतां बरोबर येई. आम्ही हें पाहत बसत असूं.

माघांत आम्ही वहिनींसह दहा दिवस एका नातेवाइकांकडे गेलों. परत येऊन पाहतों तों दोघांसहि शंभरपैकीं शंभर ! आनंद दुपारपर्यंत टिकला. नातवानें एक युक्ति शोधली होती, कीं चार उत्तरांवर एकामागून एक बोट ठेवीत गेलें म्हणजे खरें तें आपोआप हिरवें होतें. आणि ती त्यानें उदार मनानें तिलाहि शिकविली होती. दुसऱ्या दिवसापासून वहिनी पुन्हां सतरंजीवर.

वाचावयास ती मुलगी उन्हाळ्यापर्यंत पुन्हां शिकली. लहान वर्गांच्या शाळा आपल्या राज्यांत डिसेंबर २०२१ मध्यें उघडूं लागल्या, तेव्हां तिच्या वर्गांत तिच्यासारखीं थोडींच होतीं. देशभर काय झालें, तें 'असर'च्या पाहणींत नमूद आहे : ग्रामीण भागांत तिसरींतील ज्या मुलांस दुसरीचा उतारा वाचतां येतो, त्यांचें प्रमाण २०१८ सालीं शेंकडा सुमारें २७ होतें, तें २०२२ सालीं २०-२१ वर आलें. या काळांत घरोघरच्या मोबाईलांची संख्या मात्र वाढतच होती. २०२४ पर्यंत वाचनाचा आंकडा पुन्हां २७ च्या आसपास चढला. शाळा उघडल्या आणि मुलें माणसांपुढें बसलीं, हें त्याचें मोठें कारण असावें असें आम्हांस वाटतें. त्याच २०२४ च्या पाहणींत चौदा ते सोळा वर्षांच्या मुलांस विचारलें होतें. शेंकडा ८२ जणांस असा मोबाईल चालवितां येत होता. मागील आठवड्यांत त्यावर कांहीं अभ्यास केला असें सांगणारे ५७, आणि समाजमाध्यमांवर गेलों असें सांगणारे ७६.

सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींस २०२० सालीं जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तो पुस्तकांतील धड्यास जोडलेल्या क्यूआर संकेतांच्या कामाबद्दल. आज पाठ्यपुस्तकांवर ते चौकोनी ठसे आपण सर्वत्र पाहतों. आम्हांस त्यांतला विशेष हा वाटतो कीं, तेथें यंत्राच्या अगोदर शिक्षक होता. आपल्या वर्गांतल्या मुलांस काय हवें हें पाहून त्यानें यंत्रास कामाला लाविलें. आमच्याकडे यंत्र अगोदर आलें, आणि त्याचें काय करावें हें ठरण्यापूर्वींच कुलूप आलें.

चार दिवसांनीं ते गृहस्थ पुन्हां आले. आम्हीं त्यांस सांगितलें, घ्या. पण दोन नव्हे, एकच, आणि तो कोणा एका मुलाच्या नांवाचा नको. माजघरांत सर्वांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर ठेवा. शाळेचा वेळ व झोंपेचा वेळ त्यास देऊं नका. मुलांस जेथून येत नाहीं तेथून जो कार्यक्रम सुरुवात करतो तो घ्या, आणि जेथें नुसतीं चित्रें हालतात तो घेऊं नका. आणि मुख्य म्हणजे त्या वेळीं जवळ कोण बसणार, तें पैसे काढण्यापूर्वीं ठरवा. गृहस्थ विचारांत पडले. त्यांच्या घरांत अठरा हजार निघण्यासारखे होते. रोजचा अर्धा तास कोणाच्या वहींतून काढावा, हा प्रश्न अधिक कठीण होता. धाकटी सून नोकरीस जाते, मधलीवर स्वयंपाक. शेवटीं त्यांनींच विचारलें, "आई बसली तर चालेल ? तिला त्यांतलें कांहीं कळत नाहीं." आम्ही म्हणालों, "नातवंडांस समजावून सांगूं द्या तिला." मातोश्री प्रथम रागावल्या, मग म्हणाल्या कीं मोतीबिंदूचें दुसऱ्या डोळ्याचें होऊन जाऊं दे, नंतर बसेन.

ज्येष्ठांत टॅब आला. त्यावर कांच बसवून घ्यावयाची व नको ते खेळ काढून टाकावयाचे, म्हणून गृहस्थांबरोबर आम्हीहि एस. टी. स्थानकाजवळच्या एका दुकानांत गेलों. दुकानदार तिशीचा. त्यानें मान वर केली, उठून आम्हांस नमस्कार केला, खुर्ची पुसली, आणि आम्ही ओळखण्यापूर्वींच हसत म्हणाला, "गुरुजी, झाली का परीक्षा?"

तो शनिवारीं धूळ झटकणारा मुलगा. दहावीनंतर पुण्यास एका दुकानांत राबून हें काम शिकला, असें त्यानें सांगितलें. तीं तीन यंत्रें पुढें काय झालीं, असें त्यानें विचारलें. आम्हीं सांगितलें, २०१५ सालीं निर्लेखित होऊन भंगारांत वजनावर गेलीं; आणि त्यांतल्या एकाच्या पडद्यावरचा कारखान्यांतून आलेला पातळ प्लास्टिकचा पापुद्रा तेव्हांहि तसाच होता.

तो कांहीं बोलला नाहीं. त्यानें टॅबवर कांच ठेविली, तिच्याखालीं राहिलेला हवेचा बुडबुडा नखानें सारीत सारीत कडेला नेऊन बाहेर काढला, आणि दीडशें रुपये सांगितले. गृहस्थांनीं ते दिले.